वीस घरं

फ्लोरेस बेटावर धावपट्टी गावाला खेटून आहे,
कुंपणाच्या तारेवर लोक चादरी वाळत घालतात.
दिवसाला एक विमान. धुकं असलं तर तेही नाही.
मी दिओलिंदा. गेटवर उभी असते,
हातात स्कॅनर, वाण्याच्या दुकानात असतो तसलाच.

तो बसवायला लिस्बनहून इवु आला होता.
तीन दिवस धुक्यात अडकला, मग शिकवत बसला:
ही नक्षी नव्हे बाई, हे वाक्य आहे.
आधी नाव. मग सहा अक्षरांची खूण.
कुठून, कुठे, कुठलं विमान.
तारीख म्हणजे नुसता वर्षाचा कितवा दिवस,
ना वार, ना महिना, ना सण.
मग आसन. मग चेक-इनमधला तुमचा नंबर.
नावाला घरं वीस. मधली तिरकी रेघ धरून वीस.
आणि उरलेलं नाव?
उरलेलं बाहेर, इवु म्हणाला, आणि सँडविच सोडायला लागला.

तेव्हापासून मी माणसं बोटांवर मोजते.
पाद्रीबुवा ऐसपैस मावतात.
शाळेच्या बाई आडनावातच संपतात.

आज सत्तेचाळिसावा दिवस.
मारिया दो कार्मो बेतांकूर आली,
काळा कोट, काळे मोजे, हातात दोन पास.
तिकिटं ऑक्टोबरात काढलेली, दोघांची खूण एकच.
वाचनालयातल्या पोरीनं एका बटणात दोन्ही छापले.
ती पोरगी इथली नव्हे, तेर्सेइराची;
एर्मिन्यु गेल्या मंगळवारी गेला हे तिला कुठून कळणार?
घंटा आम्ही सगळ्यांनी ऐकली होती.

म्हातारीचा पास खिशात भिजलेला, चुरगळलेला,
एक कोपरा तर नाहीच.
तरी पिंक् झालं.
तो फाटणार हे धरूनच लिहिलेला असतो,
आतलंच आत पुन्हा वेगळ्या रीतीनं सांगून ठेवलेलं,
थोडं गेलं तर उरलेल्यावरून जुळवता यावं म्हणून.
पडद्यावर उमटलं: बेतांकूर, तिरकी रेघ, मारिया दो क.
"बाकीची मी कुठाय?"
इवुचं उत्तर मला देववेना.
"आणि ह्यांचं?"
मी मोजलं. आडनावाची अकरा, रेघ एक, एर्मिन्युची आठ.
बरोब्बर वीस.
ती हसली. "साठ वर्षं हेच. पलंगावरसुद्धा
ते पुरते मावायचे, माझा पाय बाहेर."

दुसरा पास तिनं पुढे केला नाही.
मीही मागितला नाही.
विमानात सदतीस. पडदा म्हणतो अडतीस.
जो स्कॅन झाला नाही त्याला तीनदा पुकारायचं, असा नियम.
एक कळ दाबून मी त्याला काढू शकले असते,
बोट तिथवर गेलंही होतं.
"पुकार ना," ती म्हणाली, "पण सगळं पुकार.
एर्मिन्यु दा कॉन्सेसांव गार्सिया बेतांकूर.
मधलं त्यांच्या आईचं. ते कुठे छापतात?
तू म्हणे मावले!"

मी माईक तोंडाशी धरला.
पहिल्यांदा आवाज नेहमीचा, सामान हरवल्यावर लागतो तो.
दुसऱ्यांदा कॉफीवाल्या सालोमांवनं फडकं खाली ठेवलं,
पोलीस दाराकडे बघायला लागला,
खरंच कुणी येतंय की काय तसा.
तिसऱ्यांदा पुकारेपर्यंत ती बाहेर पडली होती,
पंख्यांच्या वाऱ्यात कोट धरून, शिडीच्या दिशेनं, हळू.
ऐकलं की नाही कोण जाणे.

मग मी कळ दाबली. सदतीस.
चार बी रिकामी गेली.

दुसरा पास काउंटरवरच राहिलाय.
उद्या अठ्ठेचाळीस लागेल, कुठलंच यंत्र तो घेणार नाही,
लाल दिवा लागेल फक्त.
असले कागद फाडून टाकायचे, असंही लिहिलंय नियमात.
ड्रॉवरमध्ये शिक्क्याखाली ठेवलाय.
बघू, धुकं किती दिवस टिकतं.